महाराजा माधवराव जयाजीराव शिंदे

महाराजा सर माधवराव जयाजीराव शिंदे (२० ऑक्टोबर १८७६ – ५ जून १९२५) हे मध्य भारतातील ग्वाल्हेर या मराठा संस्थानाचे अधिपती होते. १८८६ ते १९२५ अशी एकोणचाळीस वर्षे ते गादीवर होते. शिक्षण, पाटबंधारे, उद्योग व व्यापार या क्षेत्रांत त्यांनी संस्थानाची नव्याने उभारणी केली. त्यांना लहानपणापासून आगगाडीचे विलक्षण वेड होते. राजवाड्याच्या आवारात हौसेसाठी घातलेल्या छोट्या रुळांपासून पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे हे सार्वजनिक जाळे उभे राहिले. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची विद्युत् आगगाडी ही त्याच वेडाची दुसरी आणि अधिक प्रसिद्ध निशाणी होय.

त्यांचे नातू व भारताचे माजी रेल्वे राज्यमंत्री माधवराव शिंदे (१९४५–२००१) यांचे नावही हेच असल्याने दोघांच्या उल्लेखांत अनेकदा गल्लत होते.

पूर्वपीठिका

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. पेशव्यांचे सरदार राणोजी शिंदे यांनी माळव्यात घराण्याचा पाया घातला आणि महादजी शिंदे यांनी उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांची सत्ता पुन्हा प्रस्थापित केली. बीड येथील सूफी संत मन्सूरशाह यांना महादजी गुरुस्थानी मानीत. त्यांच्या बीडमधील दर्ग्यामुळे मराठवाड्याशी या घराण्याचा श्रद्धेचा धागा जुळलेला आहे. राजधानी ग्वाल्हेरला गेल्यानंतरही दरबारातील चालीरीती, पोशाख आणि घरातील भाषा दीर्घकाळ मराठीच राहिली.

माधवरावांचे वडील जयाजीराव यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेरचा रेल्वेशी पहिला संबंध आला. ग्वाल्हेर ते आग्रा आणि इंदूर ते नीमच या लोहमार्गांसाठी संस्थानाने प्रत्येकी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. जयाजीरावांनीच १८७४ मध्ये जयविलास राजवाडा पूर्ण करविला. त्याचा आराखडा मायकेल फिलोज यांनी तयार केला होता. दरबार दालनातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची मजबुती पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. याच राजवाड्यात आणि त्याच्या विस्तीर्ण आवारात माधवरावांचे बालपण गेले.

बालपण व राज्यारोहण

माधवराव हे जयाजीराव व सख्याराजे यांचे पुत्र. २० जून १८८६ रोजी जयाजीरावांचे निधन झाले, तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. ते सज्ञान होईपर्यंत कारभार पालक मंडळाने पाहिला. १८९४ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना संपूर्ण राज्याधिकार मिळाले.

या आठ वर्षांत त्यांना इंग्रजी पद्धतीचे शिक्षण देण्यात आले. ग्रंथांपेक्षा त्यांचा ओढा यंत्रांकडे अधिक होता. बाष्पइंजिन कसे चालते, बाष्पाचा दाब कसा राखावा, सांधे कसे बदलावेत, हे हाताने करून शिकण्याकडे त्यांचा कल असे. पुढे अनेक पाहुण्यांनी त्यांना स्वतः इंजिन चालविताना पाहिले. राजाने कारखान्यातील कारागिरासारखे काम करावे, हे त्या काळच्या दरबारी रीतीत बसणारे नव्हते. परंतु माधवरावांनी हा नाद कधी लपविला नाही आणि आयुष्यभर सोडलाही नाही.

राजवाड्याच्या आवारातील आगगाडी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात माधवरावांनी ग्वाल्हेरमध्ये आपल्या वापरासाठी दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग घातला. राजवाडे व त्यांचा परिसर यांना जोडणारा हा मार्ग आरंभी केवळ महाराज, त्यांचे आप्त आणि पाहुणे यांच्यासाठी होता.

निवडलेले माप या कामास योग्य होते. मुख्य भारतीय लोहमार्गाचे माप साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर असते. त्याला मोठ्या त्रिज्येची वळणे, रुंद भराव आणि जड रूळ लागतात. त्याच्या निम्म्याहूनही कमी रुंदीचा मार्ग इमारती व बागा यांच्यामधून लहान वळणे घेत नेता येतो. रूळ हलके असल्याने ते उचलून दुसरीकडे घालणेही सोपे जाते. महाराष्ट्रातील वाचकांना हे माप नेरळ–माथेरान मार्गामुळे परिचित आहे. १९०७ मध्ये सुरू झालेला तो डोंगरी मार्गही ६१० मिलिमीटरचाच आहे.

ही आगगाडी प्रतिकृती नव्हती. तिला खरे बाष्पइंजिन होते, कोळसा व पाणी लागत होते आणि तिच्यात माणसे बसत होती. तरीही तिचा हेतू प्रारंभी खेळाचाच होता. घरच्या आवारात रूळ टाकून मार्ग आखावा, तो चालवून पाहावा, चूक दिसली की बदलावा आणि पुन्हा वाढवावा, ही पद्धत कोणत्याही हौशी रेल्वेकाराची असते. सामान्य हौशी माणसाला घराच्या भिंतीपाशी थांबावे लागते. माधवरावांच्या मार्गाला अशी भिंत नव्हती. पुढे त्यामुळेच या खेळाचे स्वरूप बदलले.

ग्वाल्हेर लाइट रेल्वे

राज्याधिकार हाती येताच माधवरावांनी हे रूळ राजवाड्याबाहेर नेण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी संस्थानाच्या उत्तर भागातून ब्रॉडगेजचा मुख्य मार्ग जात असला, तरी त्यापासून दूर असलेल्या परगण्यांना बैलगाडीशिवाय साधन नव्हते. पूर्वेकडील भिंड, दक्षिणेकडील शिवपुरी आणि चंबळच्या बाजूचा सबलगढ–श्योपूर हा टापू पावसाळ्यात जवळपास तुटलेला असे.

१८९९ च्या अखेरीपर्यंत भिंड व शिवपुरी हे दोन्ही मार्ग सार्वजनिक वाहतुकीस खुले झाले होते. भिंडचा मार्ग सुमारे ८५ किलोमीटर आणि शिवपुरीचा सुमारे १२० किलोमीटर लांबीचा होता. तिसरा मार्ग पश्चिमेकडे टप्प्याटप्प्याने वाढला. १९०४ मध्ये तो जौरा व सबलगढपर्यंत, १९०८ मध्ये बीरपूरपर्यंत आणि १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. एवढ्या अरुंद मापाचा इतका लांब सलग मार्ग जगात क्वचितच आढळतो.

या विस्ताराचा काळ दुष्काळाचा होता. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या वर्षांत उत्तर व मध्य हिंदुस्थानात पाठोपाठ दुष्काळ पडले. त्यातील दुसरा संवत्सराच्या आकड्यावरून छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. अशा वेळी धान्य देशात असूनही ते गावापर्यंत पोहोचत नसे, कारण चाऱ्याअभावी बैल मरत आणि बैलगाड्यांची वाहतूकच थांबे. आगगाडीला चारा लागत नाही. ज्या भागात रूळ आहेत तेथे बाहेरचे धान्य नेता येते, हा धडा त्या काळातील सर्वच राज्यकर्त्यांनी घेतला. भराव घालण्याचे आणि खडी फोडण्याचे काम दुष्काळग्रस्तांना मजुरी देण्याच्या कामीही येई. हौसेचे रूळ परगण्यांपर्यंत नेण्यामागे महाराजांची आवड होतीच, पण त्या निर्णयाचे मोल अशा वर्षांत दिसून आले.

याच सुमारास दक्षिणेत बार्शी लाइट रेल्वे उभी राहत होती. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाचे माप ७६२ मिलिमीटर होते आणि इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अरुंद मार्गावरही जड माल नेता येतो हे तेथे दाखवून दिले. दोन्ही मार्गांचा विचार एकच होता: जेथे ब्रॉडगेजचा खर्च निघणार नाही तेथे स्वस्त व हलका मार्ग घालावा. मात्र बार्शीचा मार्ग एका कंपनीने नफ्याचा हिशेब मांडून बांधला, तर ग्वाल्हेरचा मार्ग एका राजाच्या खेळातून वाढला.

या मापाचे तोटेही होते. ग्वाल्हेर येथे ब्रॉडगेजवरून आलेला माल उतरवून पुन्हा लहान डब्यांत भरावा लागे. त्यात वेळ आणि मजुरी दोन्ही जात. गाड्यांचा वेगही बेताचा होता. राजवाड्याच्या आवारासाठी निवडलेले माप २०० किलोमीटरच्या प्रवासाला अपुरे होते. परंतु एकदा रूळ, इंजिने व डबे त्या मापाचे झाल्यावर ते बदलणे परवडणारे नव्हते. घरातील पहिल्या मांडणीत घेतलेला निर्णय पुढील शंभराहून अधिक वर्षे त्या प्रदेशातील प्रवाशांना पुरला आणि जाचलाही.

१९४२ मध्ये या रेल्वेचे नाव शिंदे स्टेट रेल्वे असे झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती नव्याने स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत विलीन करण्यात आली.

मेजावरील चांदीची आगगाडी

सार्वजनिक रेल्वे वाढत असताना माधवरावांनी राजवाड्यातील खेळही चालू ठेवला. १९०६ मध्ये इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या कंपनीने त्यांच्यासाठी चांदीची विद्युत् आगगाडी तयार केली. या कंपनीचे संस्थापक वेन्मन जोसेफ बॅसेट-लोक (१८७७–१९५३) हे माधवरावांहून अवघ्या एका वर्षाने लहान होते. त्यांनी १८९९ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि हुबेहूब प्रतिकृती बनविणारे म्हणून नाव मिळविले.

त्या काळी घरगुती आगगाडीचा छंद नुकताच आकार घेत होता. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातील रुळांची मापे ठरवून दिली होती. त्यामुळे एकदा घेतलेल्या मांडणीला पुढे नवे रूळ, सांधे व डबे जोडणे शक्य झाले. बहुतेक गाड्या किल्लीवर किंवा स्पिरिटच्या बाष्पावर चालत. पुढे घरोघरी पोहोचलेल्या हॉर्नबी आगगाड्या १९२० मध्ये बाजारात आल्या. विजेवर चालणारी मोठी मांडणी १९०६ मध्ये युरोपातही थोड्याच घरांत होती.

ग्वाल्हेरच्या गाडीला इंजिनामागे सात डबे आहेत. शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावात एस, सी, आय, एन, डी, आय, ए अशी सात अक्षरे येतात आणि प्रत्येक डब्यावर त्यांतील एक अक्षर आहे. डब्यांत काचेच्या सुरया, सुका मेवा व चिरूट ठेवण्याची सोय आहे. मेजावर घातलेल्या रुळांवरून ही गाडी भोजनानंतर प्रत्येक पाहुण्यासमोरून जाई. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे आणि सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. ही रचना गमतीची असली तरी तिच्यामागे नेमका विचार होता. नोकराने पाठीमागून येऊन वाढण्याऐवजी यंत्रच पाहुण्याची वाट पाहत असे.

या गाडीभोवती अनेक कथा रचल्या गेल्या. सर्वांत प्रसिद्ध कथा डॉमिनिक लापिएर व लॅरी कॉलिन्स यांच्या फ्रीडम ॲट मिडनाइट या पुस्तकामुळे पसरली. व्हाइसरॉयच्या मेजवानीत विद्युत् नियंत्रणात बिघाड झाला, गाडी अनावर धावू लागली आणि पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपदार्थ उडाले, असे त्यात वर्णन आहे. ही कथा आख्यायिका म्हणूनच वाचली जाते. मूळ गाडी आजही जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात भोजनाच्या मेजावर मांडलेली आहे.

राज्यकारभार

माधवरावांच्या कारकिर्दीत संस्थानात अनेक संस्था उभ्या राहिल्या. सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये सुरू झालेली शाळा पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंधिया स्कूल म्हणून नावारूपास आली. १९०५ मध्ये त्यांनी सुरू केलेली ग्वाल्हेरची व्यापारी जत्रा आजही भरते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालयाची स्थापना झाली. ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीला त्यामुळे शालेय शिक्षणाची जोड मिळाली.

शिवपुरी ही त्यांची उन्हाळी राजधानी होती. लाइट रेल्वेमुळे दरबाराचा लवाजमा तेथे नेणे सुलभ झाले. तेथील सख्यासागर तलाव, जॉर्ज कॅसल आणि मातोश्री सख्याराजे यांची छत्री ही त्यांच्या काळातील प्रमुख बांधकामे होत.

उद्योगांत भांडवल गुंतविण्याचे धाडसही त्यांनी दाखविले. जमशेदपूरचा टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत असताना खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले. ते सर्वच्या सर्व माधवरावांनी घेतले. देशी पोलादाचा कारखाना देशी पैशावर उभा राहण्यात या रकमेचा मोठा वाटा होता.

कारभारात ते दक्ष होते, परंतु सत्ता त्यांनी अखेरपर्यंत आपल्या हाती ठेवली. त्यांनी स्थापन केलेल्या सभांचे स्वरूप सल्लागार मंडळाचेच राहिले.

लष्करी सेवा व जहाजे

१९०० मध्ये चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी ते ब्रिटिश फौजेसोबत चीनला गेले आणि जखमी सैनिकांसाठी ग्वाल्हेर नावाचे रुग्णालय-जहाज त्यांनी पुरविले. १८९५ मध्ये त्यांना जी.सी.एस.आय. हा किताब मिळाला होता. १९०२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल्‌एल.डी. ही सन्माननीय पदवी दिली.

पहिल्या महायुद्धात त्यांनी एम्प्रेस ऑफ इंडिया हे जहाज विकत घेऊन रुग्णालय-जहाज म्हणून दिले. त्याचे नाव लॉयल्टी असे ठेवण्यात आले. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जहाज घेतले आणि त्यांच्या नव्या कंपनीला सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. या घटनेच्या स्मरणार्थ भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

कौटुंबिक जीवन

माधवरावांचा पहिला विवाह १८९१ मध्ये चिंकूराजे यांच्याशी झाला. त्यांना अपत्य झाले नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी ठरलेला त्यांचा विवाह १९११ मध्ये इंदिराराजे यांनी मोडला आणि ती बातमी देशभर गाजली. १९१३ मध्ये त्यांनी गजराराजे यांच्याशी विवाह केला. त्यांना कमलाराजे ही कन्या आणि जिवाजीराव (जन्म १९१६) हे पुत्र झाले. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्यावरून मुलांच्या नावांना अनुक्रमे मेरी व जॉर्ज ही नावे जोडण्यात आली होती.

मृत्यू

परदेश प्रवासात असताना ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे माधवरावांचे निधन झाले. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते. जिवाजीराव नऊ वर्षांचेही नसल्याने वडिलांप्रमाणेच त्यांनाही पालक मंडळाच्या देखरेखीखाली वाढावे लागले. शिवपुरी येथे मातोश्रींच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री आहे.

मूल्यमापन

संस्थानिकांच्या चैनीची उदाहरणे देताना चांदीच्या आगगाडीचा उल्लेख हमखास होतो. पाहुण्यांना चिरूट पोहोचविण्यासाठी चांदीचे इंजिन घडविणे ही उधळपट्टी होती, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच राजाने त्याच काळात शेकडो किलोमीटर रूळ रयतेच्या परगण्यांत नेले. मेजावरील गाडी राजवाड्यातच फिरत राहिली आणि आवारातील गाडी मात्र श्योपूरपर्यंत गेली. दोहोंचे मूळ एकाच नादात असल्याने माधवरावांचे चरित्र केवळ चैनीच्या किंवा केवळ लोकोपयोगाच्या चौकटीत बसत नाही. सत्ताधीशाच्या खाजगी आवडीवर प्रदेशाची वाहतूक अवलंबून असणे, हे संस्थानी व्यवस्थेचे बळ होते आणि तोच तिचा दोषही होता.

वारसा

शिवपुरीचा अरुंद मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद झाला आणि भिंडच्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. ग्वाल्हेर–श्योपूर गाडी २०२० पर्यंत चालू होती. त्यानंतर हा मार्गही ब्रॉडगेज करण्यासाठी बंद करण्यात आला. चंबळच्या खोऱ्यातील खेड्यांना शतकाहून अधिक काळ हीच गाडी बाजार, न्यायालय आणि रुग्णालय यांच्यापर्यंत नेत होती.

माधवरावांचे नातू माधवराव शिंदे १९८० च्या दशकात केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री झाले. त्यांच्या कार्यकाळात १९८८ मध्ये नवी दिल्लीहून ग्वाल्हेर–झाशीच्या दिशेने पहिली शताब्दी एक्सप्रेस धावू लागली. शिवपुरी येथील माधव राष्ट्रीय उद्यान आणि ग्वाल्हेर येथील माधव संगीत महाविद्यालय यांची नावे महाराजा माधवरावांची स्मृती जपतात.